परमुलखातील पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सैनिकी सेवेतील अनुभवांवर आम्ही चार शब्द बोलावे, असे मंडळाच्या चिटणिसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. कारण आम्ही लढवय्ये नव्हे. टपाल खात्यात नोकरीस लागलो आणि तेथून सैनिकी टपाल सेवेत प्रतिनियुक्तीवर गेलो. अंगावर गणवेष होता खरा, पण हाती बंदुकीपेक्षा शिक्का आणि थैली यांचाच सहवास अधिक. शौर्यकथा सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु सैनिक जेथे जातो तेथे त्याला जेवावेही लागते, आणि जेवणाविषयी बोलण्यास कोणताही अधिकार लागत नाही. म्हणून आज आम्ही रणांगणाऐवजी पंगतीविषयी बोलणार आहोत.

ही पंगत आफ्रिकेतली. इथिओपिया आणि एरिट्रिया या दोन शेजारी देशांत मे १९९८ मध्ये युद्ध पेटले. १९९३ पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते. सीमेच्या दोहो बाजूंस तिग्रिन्या ही एकच भाषा, एकच धर्मपंथ, एकच अन्न. तरीही हजारो तरुण त्या युद्धात कामी आले. जून २००० मध्ये शस्त्रसंधी झाली, डिसेंबरात अल्जिअर्स येथे करार झाला, आणि संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना मध्ये येऊन उभी राहिली. एरिट्रियाच्या हद्दीत पंचवीस किलोमीटर रुंदीचा सुरक्षा पट्टा आखण्यात आला. त्याच्या मध्य विभागात २००१ पासून भारतीय पलटणीकडे जबाबदारी आली. त्या पलटणीबरोबर टपाल सांभाळण्यासाठी आम्ही २००२ साली गेलो.

आमचा मुक्काम इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात, आदिग्रात या गावी होता. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरचे हे गाव. चहूकडे उघडेबोडके डोंगर, दगडी घरे, निवडुंगाची कुंपणे आणि रात्री हाडे गोठविणारी थंडी. परका मुलूख म्हणतात तो हाच, असे पहिल्या दिवशी वाटले. पुढे कळले की आपल्या लोकांना तो तितकासा परका नव्हता. १८६८ साली सर रॉबर्ट नेपियर याने सम्राट थिओडोरवर जी स्वारी केली, तिच्यात मुंबई इलाख्याच्या सैन्यातील देशी पलटणी होत्या. झुला बंदरात उतरून सेनाफे, आदिग्रात या वाटेनेच ते लोक मगदाल्यापर्यंत गेले. सोबत तोफा वाहण्यासाठी हिंदुस्थानातून नेलेले चव्वेचाळीस हत्ती होते. वाटेत धान्य आणि वैरण विकत घ्यावी तर तेथील शेतकरी मारिया थेरेसाची छापील चांदीची नाणी तेवढी घेत. ती व्हिएन्नाहून मुद्दाम पाडून आणावी लागली. पुढे १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले, आणि केरेन हे नाव त्या पलटणीच्या युद्धसन्मानांत कोरले गेले. उलट दिशेनेही माणसे आली होती. खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणारा आणि १६२६ साली निवर्तलेला मलिक अंबर मूळचा त्याच हबसाणातला.

आता जेवणाकडे वळतो. आमचे लंगर, म्हणजे छावणीचे स्वयंपाकघर, भारतीय होते. संयुक्त राष्ट्रसंघाकडून शिधा मिळे. पोळी, डाळ, भात यांची ददात नव्हती. शिवाय वैद्यकीय अधिकाऱ्यांची सक्त ताकीद होती : बाहेरचे पाणी पिऊ नये, कच्चे काही खाऊ नये, आणि घरोघरी गाळली जाणारी सुवा नावाची जवाची दारू तर पाहूही नये. ताकीद योग्यच होती. एका जवानाचे पोट बिघडले तर दहा जणांचा पहारा बिघडतो.

आमच्या टपाल कार्यालयाच्या तंबूजवळ, कुंपणापलीकडे, एका म्हाताऱ्या बाईचे घर होते. त्या भागात वडील स्त्रीला 'अदेय' म्हणतात, अर्थ 'आई'. आम्हीही तिला अदेय म्हणू लागलो आणि ती आम्हाला 'वदेय', म्हणजे 'माझ्या लेका', म्हणे. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हाला आमच्या दुभाष्याच्या मार्फत जेवावयास बोलाविले. आम्ही शाकाहारी. त्यातून वैद्यकीय अधिकाऱ्यांचा हुकूम ताजा होता. आम्ही हात जोडले आणि 'जेवण झाले आहे' असे सांगितले. तेव्हा दुपारचे बारादेखील वाजले नव्हते. म्हातारी काही बोलली नाही. दार मात्र तिने हळूच लावून घेतले. परतताना दुभाषा म्हणाला, "साहेब, आमच्याकडे घरचे अन्न नाकारणे म्हणजे ते घर नाकारणे." त्या एका वाक्याने आम्हाला रात्री झोप लागू दिली नाही. कोकणात आमच्या आजीच्या पडवीतून एखादा पाहुणा गूळपाणीही न घेता उठला असता, तर तिनेही असेच दार लावले असते.

मग आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो आणि पोटाची अडचण व मनाची अडचण दोन्ही त्यांच्यापुढे मांडल्या. ते समंजस गृहस्थ होते. "चुलीवरचे, वाफ निघत असलेले खा, पाणी मात्र आपल्या बाटलीतले प्या," असा त्यांनी निवाडा दिला. शाकाहाराचा प्रश्न दुभाष्याने सोडविला. "बुधवारी या," तो म्हणाला. तेथील सनातनी ख्रिस्ती पंथाचे लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात. ईस्टरपूर्वी तर पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास असतो. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप सर्व वर्ज्य. आम्ही थक्क झालो. आपल्या एकादशीला दूधतूप चालते आणि धान्य चालत नाही. त्यांच्या उपवासाला धान्य-डाळी चालतात आणि दूधतूप चालत नाही. देव एकेका मुलखात एकेक पदार्थ सोडावयास सांगतो, एवढाच काय तो भेद.

तेव्हा बुधवारी गेलो. दारातच अदेयच्या नातीने तांब्यातून हातावर पाणी घातले. मधोमध वेताच्या टोपलीसारखी विणलेली, झाकण असलेली उंच चौरंगी होती. तिला मेसोब म्हणतात. झाकण उघडले आणि आत जे दिसले त्याने आमची जीभ टाळूला चिकटली. ती आंबोळी होती! आकाराने आपल्या आंबोळीच्या तिप्पट. पण तशीच मऊ, तशीच जाळीदार, तशीच किंचित आंबट. तिला तिग्रिन्यात ताइता आणि अम्हारिक भाषेत इंजेरा म्हणतात. तेफ नावाचे धान्य राजगिऱ्यासारखे, किंबहुना त्याहूनही बारीक असते. त्याचे पीठ भिजवून, आधीच्या पिठाचे विरजण घालून दोनतीन दिवस आंबवितात. थोडे पीठ शिजवून पुन्हा त्यातच मिसळतात. नंतर चुलीवरच्या भल्या मोठ्या मातीच्या तव्यावर कडेपासून मध्याकडे गोल गोल ओतीत नेतात आणि वर झाकण ठेवतात. उलटावयाचे मात्र नाही. वरच्या बाजूस पडणाऱ्या जाळीला ते 'डोळे' म्हणतात, आणि जितके डोळे अधिक तितकी सुगरण श्रेष्ठ. आमच्या आजीची परीक्षाही याहून वेगळी नव्हती.

त्या ताइत्यावर मधोमध अदेयने मातीच्या भांड्यातून रटरटणारे काही ओतले. नाव शिरो. हरभऱ्याचे पीठ लसूण, कांदा आणि बेर्बेरे नावाच्या तिखट मसाल्यात शिजविलेले. बंधुभगिनींनो, त्यास आपण काय म्हणतो हे या सभेत सांगण्याची गरज नाही. मायदेशापासून हजारो किलोमीटरांवर, डोंगरात, परक्या बाईच्या हातचे पिठले आम्ही खात होतो. लंगरातील पोळी-डाळ तीन आठवडे खाऊनही जी घरची आठवण झाली नव्हती, ती त्या एका घासाने झाली.

तो घासही आम्ही स्वतःच्या हाताने घेतला नव्हता. त्यांच्यात एक रीत आहे. तिला गुर्शा म्हणतात. यजमान आपल्या हाताने ताइत्याचा तुकडा तोडतो, त्यात कालवण गुंडाळतो आणि पाहुण्याच्या तोंडात भरवितो. सर्व जण एकाच ताटातून, उजव्या हाताने जेवतात. आपल्याकडे असा घास आई भरविते किंवा लग्नात नवरानवरी एकमेकांस भरवितात. आम्ही तिशी ओलांडलेले, मिशा राखलेले सरकारी नोकर. तोंड उघडावयास क्षणभर लाजलो. पण आठ दिवसांपूर्वीचे ते लावलेले दार आठवले आणि तोंड उघडले.

जेवणानंतर कॉफी. ही तासाभराची पूजाच म्हणावयाची. समोर शेगडीवर हिरवे दाणे भाजतात, धुराचा वास प्रत्येक पाहुण्याकडे नेतात, मग कुटून, लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यांत ओततात. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या पेल्याचे नाव बरेका, म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणे हे असभ्यपणाचे लक्षण. आमच्यासारख्या घड्याळावर चालणाऱ्या कारकुनी माणसास तिसऱ्या पेल्यापर्यंत बसावयास शिकणे सोपे गेले नाही, पण शिकलो.

त्यानंतर बुधवार हा आमचा ठरलेला वार झाला. हळूहळू दोनचार जवानही येऊ लागले. त्यांत साताऱ्याकडचे एक हवालदार होते. बाजारात एकदा काळ्या, चकचकीत, बारीक बियांची रास पाहून ते ओरडलेच, "अहो, ही तर कारळं!" आणि कारळेच होते ते. तेथे त्याला नूग म्हणतात आणि त्याचे तेल काढतात. उपवासाच्या स्वयंपाकात लोण्यातुपाऐवजी तेच वापरतात. हवालदारांनी शेरभर घेतले, लंगरात भाजले, लसूण व सुकी मिरची घालून कुटले आणि बुधवारी चटणीची वाटी अदेयपुढे ठेवली. तिने बोट लावून चाखली, डोळे मिटले आणि नातीला हाक मारली. जन्मभर जे बी तिने तेलासाठीच वापरले त्याची अशी चटणी होते, हे तिला एका परक्या शिपायाने दाखविले होते. पुढच्या बुधवारी मेसोबमध्ये शिरोच्या शेजारी कारळ्याची चटणी होती, आणि ती हवालदारांच्यापेक्षा चांगली साधली होती.

मायदेशी परतल्यावर आम्ही जुजबी वाचन केले. तेव्हा कळले की कारळ्याचे मूळ घर इथिओपियाचे पठार हेच होय. एवढेच नव्हे, तर आपली नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. आणि ज्या ज्वारीच्या भाकरीवर देशावरचा शेतकरी पिढ्यानपिढ्या जगला, ती ज्वारीही ईशान्य आफ्रिकेतलीच. मिरची तर दोघांच्याही दृष्टीने परकी. ती अमेरिकेतून दोन्हीकडे गेली. 'आमचे अस्सल गावरान अन्न' म्हणून आपण ज्या ताटाचा अभिमान बाळगतो, त्या ताटातील निम्मे जिन्नस अदेयच्या अंगणातून आलेले आहेत. आम्ही तेथे पाहुणे म्हणून गेलो होतो खरे. पण आमचे धान्य तेथले माहेरवासी निघाले.

येथवरची हकिगत गोड आहे. पुढची तशी नाही; परंतु ती सांगितल्यावाचून ही पंगत पुरी होत नाही.

२००२ साली त्या मुलखात पावसाने दगा दिला. इथिओपियात आणि एरिट्रियात लक्षावधी लोक अन्नसाहाय्यावर आले. बाजारात तेफ महागले. अदेयच्या ताइत्याचा रंग पालटू लागला. तेफात जव आणि ज्वारी मिसळू लागली. मग ताइता लहान झाला. शिरो पातळ झाला. पण गुर्शाचा घास मात्र लहान झाला नाही, आणि आम्हाला तो गिळवेना. न जावे तर दार लागते. जावे तर नातीच्या वाटचे खातो. शेवटी आम्ही आमच्या भत्त्यातून साखर आणि कॉफीचे हिरवे दाणे घेऊन जाऊ लागलो. पीठ नेले असते तर तो उपकार ठरला असता. साखर आणि कॉफी पाहुण्याने आणावयाची रीत असल्याने तिने ती मान मोडून न घेता, मान राखून घेतली. पोट भरल्याचे कारण सांगून आम्ही दोन घासांवर थांबू लागलो. ते ती ओळखीत होती, असे आम्हाला वाटते.

अदेयची धाकटी बहीण सेनाफेस दिलेली होती. आदिग्रातहून सेनाफे म्हणजे मोटारीने फार तर दोनअडीच तासांची वाट. पण मध्ये झालांबेसा हे युद्धात भुईसपाट झालेले गाव आणि त्यापाशी सरहद्द. १९९८ पासून ती बंद होती. फोन बंद, टपालही बंद. दोघी बहिणी एकमेकींना पाच वर्षे दिसल्या नव्हत्या. ती वाट ओलांडू शकत होती ती केवळ संयुक्त राष्ट्रसंघाची पांढरी वाहने. आणि महिन्यातून एकदोनदा टपालाची थैली घेऊन त्यातल्या एका वाहनातून आम्हीच सेनाफेच्या ठाण्यावर जात होतो.

एका बुधवारी, दुसऱ्या पेल्यानंतर, अदेयने फडक्यात बांधलेली पुरचुंडी आमच्यापुढे ठेवली. आत शिरोचे पीठ होते, शेरभरही नसेल. दुभाष्याने सांगितले, "साहेब, ती म्हणते, चिठ्ठी नको, निरोप नको. एवढे बहिणीच्या हाती द्या. वासावरून तिला कळेल कोणाच्या हातचे आहे."

श्रोतेहो, नियम स्पष्ट होता. शांतिसेनेच्या वाहनातून कोणत्याही बाजूची कोणतीही वस्तू किंवा पत्र पलीकडे न्यावयाचे नाही. आणि नियम योग्यही होता. आज शेरभर पीठ, उद्या चिठ्ठी, परवा आणखी काही. एकदा शंका आली की दोन्ही सरकारांचा त्या पांढऱ्या गाडीवरचा विश्वास उडणार, आणि मग मध्ये उभे राहावयास कोणी उरणार नाही. हे सर्व आम्हाला त्या क्षणी पाठ होते. ज्याचे सारे आयुष्य एकाचे दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्यात गेले, त्या टपाल खात्याच्या माणसाने मान हलविली आणि 'नाही' म्हटले.

ती रागावली नाही. तिने पुरचुंडी उचलून फडताळात ठेवली, सुरईत पुन्हा पाणी घातले आणि तिसरा पेला, तो आशीर्वादाचा पेला, भरून आमच्या हाती दिला. त्यानंतर आमची मुदत संपेपर्यंत तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही. आम्हीही काढली नाही. सेनाफेच्या बाजारातून जाताना शिरोचा वास आला की आम्ही मात्र गाडीची काच वर करीत असू.

आमची प्रतिनियुक्ती संपली, आम्ही परतलो. ३१ जुलै २००८ रोजी ती शांतिसेनाही विसर्जित झाली. ११ सप्टेंबर २०१८ रोजी, त्यांच्या नववर्षदिनी, झालांबेसाची सरहद्द उघडली. वीस वर्षांनी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत आहेत, अशी छायाचित्रे आम्ही वर्तमानपत्रांत डोळे ताणून पाहिली. एखाद्या म्हातारीच्या हातात पुरचुंडी दिसते का, तेही पाहिले. काही महिन्यांतच ती वाट पुन्हा बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये खुद्द तिग्रायमध्ये युद्ध पेटले आणि ते नोव्हेंबर २०२२ मधील प्रिटोरियाच्या करारापर्यंत चालले. त्या दोन वर्षांत अन्न पोहोचण्याच्या वाटा दीर्घकाळ रोखल्या गेल्या आणि उपासमार झाली. ज्या गावाने आम्हाला घास भरविला, त्या गावात घास नव्हता. तेव्हा आम्ही काय केले? वर्तमानपत्र वाचले, घडी केली आणि जेवावयास बसलो. त्या मुलखासाठी मदत गोळा करणाऱ्या संस्था होत्या. त्यांच्याकडे आमची रक्कम गेली ती फार उशिरा आणि फार थोडी.

नियम पाळल्याचा पश्चात्ताप आम्हाला नाही. तसा प्रसंग पुन्हा आला तर आम्ही पुन्हा 'नाही' म्हणू. पण ज्या गोष्टीस कोणताही नियम आड येत नव्हता, तीही आम्ही वेळेवर केली नाही, याची खंत आहे. कोणाच्या घरचे अन्न खाणे ही केवळ चवीची गोष्ट नाही. ते एक देणे आहे, आणि ते फेडावयास आपण परत त्या दारी गेलेच पाहिजे असे नाही. जे दार आपल्या समोर असेल तेथेही ते फेडता येते.

म्हणून समारोपास एकच सूचना नम्रपणे मांडतो. आपले मंडळ पन्नास वर्षे या परप्रांतात नांदत आहे. येथल्या लोकांनी आपणास घरे दिली, नोकऱ्या दिल्या, आपली मुले त्यांच्या स्वयंपाकघरांत वाढली. त्यांचे कित्येक पदार्थ आता आपल्या घरांत सणावारी होतात. आणि आपली सुवर्णमहोत्सवी पंगत मात्र, निमंत्रणपत्रिकेवरून दिसते त्याप्रमाणे, 'फक्त सभासदांसाठी' आहे. कार्यकारिणीने ती ओळ खोडावी. प्रत्येक सभासदाने आपल्या शेजारचे एक घर सोबत आणावे. पिठले-भाकरी आणि कारळ्याची चटणी ठेवावी. ती करावयाची जबाबदारी आमच्या घरी घेतो. आणि तिसऱ्या वाढपापर्यंत कोणी उठू नये.